उंबरठ्याचं माप

व्हर्ना ट्रेथोवन ही दमलेली बाई होती. हे मी तिच्या माघारी बोलत नाही, ती स्वतःच सांगायची. सोमवारी सकाळी कशी आहेस विचारलं की बाकीचे 'मजेत' म्हणतात. ती 'दमलेय' म्हणायची आणि थर्मासचं झाकण फिरवायची. मंगळवारी विचारा, तेच. तिच्या टेबलाखाली एक छोटा हीटर असे. जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, बाहेर चाळीस डिग्री ऊन असलं तरी तो तिथेच, बंद पडलेला, कारण हलवायचा तर वाकावं लागतं.

आमची कंपनी कायब्रमच्या बाहेर, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये आहे. कालव्यावरची गेटं चालवणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. पूर्वी पाटकरी गाडी घेऊन गेटागेटाला जायचा आणि हातानं चाक फिरवायचा. आता प्रत्येक गेटाशेजारी खांबावर एक पेटी असते, वर सोलरची पाटी आणि आत आमचा प्रोग्राम. शेतकऱ्यानं फोनवरून पाणी मागितलं की गेट आपोआप उठतं आणि पाळी संपली की खाली येतं. तो प्रोग्राम सी भाषेत आहे आणि निम्म्याहून जास्त व्हर्नाच्या हातचा आहे. माझं काम तपासणीचं. कोणी काही बदललं की मी ते माझ्या टेबलावरच्या पेटीत घालते आणि पेटीला छळते. मला सगळे राँडा म्हणतात. चूक सापडली की आणखी काही काही म्हणतात.

व्हर्ना सतराव्या वर्षी सरकारी पाणी खात्यात नकाशे गिरवायला लागली होती. कालवा निळ्या शाईनं, त्याला फुटणारी चारी हिरव्या शाईनं, दिवसभर तेच. मग खात्यात पहिला कॉम्प्युटर आला. साहेबांपैकी कोणालाच टाइप करता येत नव्हतं, म्हणून पोरीला त्याच्यासमोर बसवलं. बसवलं ते बसवलंच. पुढे खातं आटलं, माणसं कमी झाली, आणि ती आमच्या शेडमध्ये आली. कॉलेजचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. पण मशिनच्या पोटात काय चाललंय हे तिला जितकं कळायचं, तितकं पदवीची भेंडोळी घेऊन आलेल्यांना कळलेलं मी बघितलेलं नाही.

तिचा नवरा लेस दुधाचा टँकर चालवायचा. चार वर्षांपूर्वी त्याला झटका आला आणि उजवी बाजू गेली. ती पाचला उठायची. त्याला उठवणं, आंघोळ, दाढी, घास भरवणं. मग शेजारीण यायची आणि ही कामावर. दहाच्या चहाला आम्ही सगळे शेडच्या मागच्या बाकांवर बसतो. ती कॉर्न्ड बीफ आणि लोणच्याचं सँडविच अर्धं खायची, अर्धं परत गुंडाळायची. आपल्यालाच जेवायला सवड नसलेल्या माणसाचं ते खाणं होतं. मी तिला सुट्टी घे म्हणायचे. ती म्हणायची, सुट्टी घेऊन कुठे जाऊ, घरी?

आता ज्या गोष्टीवरून सगळं झालं ती सांगते. प्रत्येक गेटाच्या तळाशी काँक्रीटचा उंबरठा असतो. गेट खाली येऊन त्यावर टेकलं की पाणी बंद. तो उंबरठा किती उंचीवर आहे, हा आकडा आमच्या प्रोग्रामच्या मुळाशी आहे. बाकी सगळी गणितं त्यावरून. आणि काँक्रीट काही जागचं हलत नाही, म्हणून व्हर्नानं तो आकडा 'कॉन्स्ट' केला होता. सी भाषेत एखाद्या आकड्याआधी कॉन्स्ट लिहिलं म्हणजे आपण कंपायलरला शब्द दिला की हा कधी बदलणार नाही. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशिनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. त्या आकड्यावर कोणी काही लिहायला गेलं की तो तिथल्या तिथे अडवतो. वाचायला सगळ्यांना मोकळीक, लिहायला कोणालाच नाही. वीस वर्षांत अठरा जणांचे हात त्या प्रोग्रामला लागले, पण उंबरठ्याला कोणाचा धक्का लागला नाही.

मग त्या हिवाळ्यात खात्यानं जुने उंबरठे फोडून नवे ओतायला काढले. मे ते ऑगस्ट कालवे कोरडे असतात, तेवढ्यात सगळं उरकायचं. नवे उंबरठे जुन्यापेक्षा खाली जाणार होते, कुठे पाच सेंटिमीटर, कुठे दहा. म्हणजे न बदलणारा आकडा बदलायची वेळ आली. खात्याचं म्हणणं, पाटकरी जागेवर माप घेईल, फोनवरून आकडा पाठवेल, आणि चालू पेटीनं तो घ्यावा.

ते काम ब्रोडी लाख्नरकडे आलं. ब्रोडी हुशार आहे, अडतीस वर्षांचा, तीन पोरं, सतत घाईत. त्यानं ते तीन ओळींत केलं. कंपायलरला दम देऊन गप्प करायची एक सोय सी भाषेत आहे. त्याला सांगायचं, हा आकडा कॉन्स्ट आहे हे विसर, मी म्हणतो तसं कर. तो करतो. ब्रोडीनं दुपारी लिहिलं, संध्याकाळी मी माझ्या पेटीत घालून बघितलं. नवा आकडा पाठवला की गेट नव्या आकड्यावर थांबत होतं. वीस वेळा पाठवला, वीस वेळा थांबलं.

व्हर्ना म्हणाली, असं चालायचं नाही. तिला भांडायला आवडायचं नाही, खुर्चीत मागे रेलून, डोळे अर्धे मिटून बोलायची. कंपायलरला आपण शब्द दिलाय, तो त्या शब्दावर विसंबून काय काय करतो ते आपल्याला दिसत नाही. शब्द मोडायचा असेल तर आधी त्याला सांगून मोडायला हवा. तिची पद्धत वेगळी होती. त्याच आकड्याला दोन नावं द्यायची. बाहेरचं नाव कॉन्स्ट, त्यानं कोणीही वाचावं. आतलं नाव साधं, आणि त्या नावानं लिहायची मुभा एकाच फंक्शनला. आकडा बदलायचा तर त्या एकाच दारातून आत यायचं. ते फंक्शन आधी कुलूप लावणार, म्हणजे बदल होईपर्यंत मधेच कोणी वाचणार नाही. मग आकडा लिहिणार, कोणी आणि केव्हा बदलला त्याची नोंद करणार, आणि गेट चालवणाऱ्या भागाला सांगणार की नवा आकडा आलाय, पुन्हा बघ. तीन आठवडे लागतील म्हणाली.

वॉरविक आमचा मालक. वाईट माणूस नाही, पण कॅलेंडरकडे बघून बोलतो. "पाणी पंधरा ऑगस्टला सुटतं, व्हर्ना. तुझ्या दारासाठी ते थांबणार नाही."

तो वाद दोन आठवडे चालला असता. ती हट्टाला पेटली की वॉरविक शेवटी कंटाळून मान हलवायचा, हे मी बघितलेलं होतं. पण त्याच आठवड्यात लेस बाथरूममध्ये पडला. बुधवारी आणि गुरुवारी ती शेपर्टनच्या हॉस्पिटलात होती. शुक्रवारी आली ती डोळे सुजलेले घेऊन. आमच्याकडे प्रोग्राममधला कोणताही बदल दोघांनी नाव घालून मंजूर केल्याशिवाय बाहेर जात नाही. तपासणीचं नाव माझं, मी आधीच घातलेलं होतं. दुसरं नाव व्हर्नाचं. ब्रोडीच्या तीन ओळींकडे ती बराच वेळ बघत बसली, आणि मग तिनं नाव घातलं. मला म्हणाली, मला आता घरी जाऊ दे. मी तिचा कोट आणून दिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, एकदाची सुटली.

ऑगस्ट गेला, काही झालं नाही. मुरूच्या बाजूची एक चारी काँक्रीटच्या कामामुळे उशिरा सुटायची होती. तिथला पाटकरी क्लाइव्ह नॅनकिव्हेल. एकोणसाठ वर्षांचा, उंच, पाठीत थोडा वाकलेला, एकतीस वर्षं त्याच चारीवर. व्हर्ना नकाशे गिरवायची तेव्हा कालव्याच्या पातळ्या तो मोजून आणायचा. दुसऱ्या कोणी आणलेली पातळी खातं पुन्हा मोजून घ्यायचं, क्लाइव्हची नाही. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी त्यानं चौदा नंबरच्या गेटाचा नवा उंबरठा मोजला. जुन्यापेक्षा अकरा सेंटिमीटर खाली. त्यानं आकडा पाठवला.

शनिवारी सकाळी चारीला पाणी आलं. चौदा नंबरवरून नेल्ला झुकालाला बारापर्यंत पाळी होती. नेल्ला विधवा बाई, ऐंशी गायी एकटीनं सांभाळते. बाराला गेट खाली आलं, जिथे जुना उंबरठा होता तिथे थांबलं, आणि 'बंद' असं कळवून मोकळं झालं. खाली अकरा सेंटिमीटरची फट उघडी. त्या दिवशी आमच्या फुटबॉल लीगची फायनल होती. क्लाइव्ह मैदानात, नेल्ला मैदानात, अर्धा जिल्हा मैदानात. चार तास पाणी चालू राहिलं आणि नेल्लाच्या वासरांच्या गोठ्यात शिरलं. तो गोठा सखलात आहे. आठवड्याभराची नऊ वासरं होती, सात गेली.

क्लाइव्ह गळ्यात क्लबचा मफलर तसाच घेऊन पोचला. त्यानं फट बघितली, हातानं गेट खाली दाबलं. मग पेटी बंद करून चालू केली, कारण आमच्याच पुस्तकात लिहिलंय की काही बिघडलं तर बंद करून चालू करा. चालू केल्यावर गेट बरोबर नव्या उंबरठ्यापर्यंत गेलं. एक नाही, दहा वेळा गेलं.

इथेच तो अडकला. सोमवारी खात्यातून माणूस आला. पेटी नीट चालत होती, आत बरोबर आकडा होता. आकडा केव्हा आला याची नोंद कुठेच नव्हती, कारण ब्रोडीच्या तीन ओळी नोंद करत नव्हत्या. म्हणून त्या माणसानं सरळ हिशेब मांडला: क्लाइव्हनं गुरुवारी चुकीचा आकडा पाठवला, आणि शनिवारी वासरं मेलेली बघून गुपचूप बरोबर केला. म्हणजे नुसती चूक नाही, लबाडीसुद्धा. क्लाइव्ह म्हणाला, मी एकदाच पाठवला. त्याच्या म्हणण्याला पुरावा काय? त्याला कामावरून बाजूला बसवलं आणि ऑक्टोबरात चौकशी ठरली. गावात तर चौकशीच्या आधीच निकाल लागतो. तो कॉफीच्या दुकानात गेला की लोक आपापल्या कपात बघायचे. नेल्ला त्याच्याशी बोलेनाशी झाली, तिला दोष तरी कसा देणार?

आमच्या शेडमध्ये ही बातमी दहाच्या चहाला आली. ब्रोडी म्हणाला, बिचारा, वय झालं की होतं. व्हर्नानं सँडविच खाली ठेवलं.

"क्लाइव्ह एक वेळ मोजायचं विसरेल," ती म्हणाली, "पण मोजलेलं चुकवणार नाही."

आणि मग तिनं मला विचारलं, की जुलैत तू पेटीत जे घातलंस ते कुठलं होतं, टेबलावरचं की शेतावरचं.

आम्ही एकाच प्रोग्रामची दोन रूपं काढतो. टेबलावरचं रूप काढताना कंपायलरला सांगतो, सावकाश चल, काही गाळू नकोस, म्हणजे आम्हाला आत डोकावता येतं. शेतावरच्या पेटीसाठी सांगतो, जमेल तेवढं भराभर कर, कारण तिथली चिप छोटी आणि बॅटरी त्याहून छोटी. शेवटची तपासणी शेतावरच्या रूपावर करायची असते, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पण त्याला दीड दिवस जातो. त्या आठवड्यात मी टेबलावरच्यावरच भागवलं होतं. वीस वेळा बरोबर आलं म्हणून खूश झाले होते.

व्हर्नानं शेतावरचं रूप उघडलं आणि कंपायलरनं मशिनसाठी काढलेल्या सूचना कागदावर छापून घेतल्या, चाळीसेक पानं. दोन दिवस ती पट्टी लावून ओळ ओळ वाचत होती, मधूनच चष्मा काढून डोळे दाबायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला बोलावलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गेट चालवणारा भाग एक फेरा घेत राहतो, पेटी चालू आहे तोवर अखंड. उंबरठ्याचा आकडा तो त्या फेऱ्याच्या आतमध्ये वाचत असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. टेबलावरच्या रूपात तसंच होतं. शेतावरच्या रूपात कंपायलरनं आकडा फेऱ्याच्या बाहेर, सुरुवातीला एकदाच उचलून ठेवला होता. पुन्हा बघायची त्याला गरज काय? आम्हीच त्याला शब्द दिला होता की हा बदलणार नाही. ब्रोडीच्या तीन ओळी मागून आकडा बदलून गेल्या, आणि फेऱ्याला त्याचा पत्ताच नाही. पेटी बंद करून चालू केली की फेरा नव्यानं सुरू, नवा आकडा हातात, आणि सगळं गोड. ऑगस्टात पाणी सुटायच्या आधी बाकीच्या बहुतेक पेट्या अशाच नव्यानं चालू केलेल्या होत्या, म्हणून तिथे काही झालं नव्हतं. क्लाइव्हनं पुस्तकाप्रमाणे वागून आपल्याच बाजूचा पुरावा पुसला होता.

ते कागद घेऊन आम्ही दोघी वॉरविककडे गेलो. त्यानं सगळं ऐकलं, दार लावलं. चौदा नंबरसारख्या एकशेसाठ पेट्यांवर हाच प्रोग्राम आहे, त्या आज रात्रीच बंद करून चालू करू, म्हणजे धोका टळेल, म्हणाला. ते बरोबरच होतं. मग म्हणाला, राहिला क्लाइव्ह. खातं त्याला घालवणार नाही, वेळेआधी निवृत्त करेल, पेन्शन पूर्ण. कोणाला फाशी होत नाहीये. आणि आपण तोंड उघडलं तर खात्याचं काम जाईल, शेडमध्ये बावीस माणसं आहेत. तूही नाताळात काम सोडून निघणारच आहेस, व्हर्ना, कशाला हे गळ्यात घेऊन जातेस?

तो घाबरला होता. मीही घाबरले होते, माझंही नाव होतं त्या मंजुरीवर. खरं सांगायचं तर तिनं हो म्हणावं असं मला क्षणभर वाटलं. ती लाज अजून गेलेली नाही.

व्हर्ना खुर्चीच्या हाताला धरून उठली. "मी नाव घातलं तेव्हा मला माहीत होतं की हे चूक आहे," ती म्हणाली. "ब्रोडीला माहीत नव्हतं, राँडाला माहीत नव्हतं. मला होतं. मी दमले होते म्हणून घातलं. आता दमले म्हणून गप्प बसले, तर मग काय राहिलं?"

चौकशी खात्याच्या डेपोत होती, पाइपांच्या ढिगाशेजारच्या खोलीत. वॉरविक आला नाही, पण त्यानं आम्हाला अडवलंही नाही. त्याच्या बाजूनं एवढं सांगायला हवं. टेबलाच्या एका बाजूला खात्याचे तिघे, दुसऱ्या बाजूला क्लाइव्ह एकटा, इस्त्रीचा शर्ट घालून. आम्ही कशाला आलोय हे त्याला माहीत नव्हतं. आम्हीही आपल्याविरुद्ध बोलायला आलोय असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं आमच्याकडे बघितलं नाही.

व्हर्नानं कागद पसरले, पण त्या तिघांना त्यातलं काय कळणार? मग तिनं कागद बाजूला सारले. म्हणाली, समजा मी राँडाला सांगितलं की बेकरी रोज पाचला बंद होते, कधी बदल नाही, बघायलासुद्धा जाऊ नकोस. आणि मागून मी वेळ चारची केली आणि तिला सांगितलंच नाही. ती साडेचारला गेली आणि दार बंद दिसलं, तर दोष कोणाचा? राँडाचा नाही, बेकरीवाल्याचा नाही. दोष माझा. पेटीचं तसंच झालं. पेटीला आम्ही सांगितलं होतं, बघू नकोस. आकडा गुरुवारी आला तो बरोबरच आला होता. पेटीनं बघितला नाही. मंजुरीवर नाव माझं आहे, तारीख आहे, हे बघा.

मी तपासणीचं सांगितलं. कुठलं रूप तपासायला हवं होतं, कुठलं तपासलं, सगळं सांगितलं.

तिघांपैकी एक जण लिहीत होता. क्लाइव्ह आपल्या हातांकडे बघत होता. मग तो बोलला, त्या तिघांशी नाही, व्हर्नाशी.

"मी तीन वेळा मोजलं होतं," तो म्हणाला. "पण सगळे म्हणायला लागल्यावर मला वाटलं, मीच चुकलो असेन. परवा गेलो होतो पुन्हा मोजायला. पट्टी लावली आणि आकडा वाचवेना. माझा माझ्यावर भरवसा राहिला नव्हता, व्हर्ना."

तिनं त्याचा हात धरला. एवढ्या वर्षांत मी तिला कोणाचा हात धरताना बघितलं नव्हतं, लेसचा सोडून.

खात्यानं क्लाइव्हला कामावर परत घेतलं. पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की तांत्रिक कारणांमुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे. बस, एवढंच. कोण बरोबर, कोण चूक, एक अक्षर नाही. कंपनीचं काम गेलं नाही, आम्हाला समज मिळाली आणि नेल्लाला भरपाईत सात वासरं. क्लाइव्ह पुन्हा चारीवर जायला लागला. पण पत्र कॉफीच्या दुकानात कोणी वाचून दाखवत नाही. तांत्रिक कारण म्हणजे त्याला सांभाळून घेतलं, असं बोलणारे अजून आहेत. मी दोघांशी भांडले, तिसऱ्यानं ऐकलंच नाही.

व्हर्नानं तीन आठवड्यांत तिचं ते एक दार बांधलं. ब्रोडी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा, न बोलावता. ती सांगायची, तो टाइप करायचा, कारण तिची बोटं सकाळी आखडलेली असायची. मी शेतावरच्या रूपावर नऊ दिवस छळ केला. चालू पेटीत आकडा बदलला, गेट अर्ध्यावर असताना बदलला, दोन फोनवरून एकाच वेळी बदलला. दार पक्कं टिकलं. व्हर्ना एवढंच म्हणाली की हे जुलैत करता आलं असतं.

नाताळापर्यंत ती थांबली नाही, नोव्हेंबरच्या शेवटी गेली. आमच्याकडे निरोपाला प्रत्येकानं घरून एक डिश आणायची पद्धत आहे. बाकांवर चादर पसरून सॉसेज रोल, अंड्याची सँडविचं, फळं-क्रीमचा पावलोवा केक असं मांडलं होतं. लेसला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. क्लाइव्ह आला, टोपी हातात धरून दारापाशीच उभा राहिला. व्हर्ना त्याला आत घेऊन गेली, तिच्या टेबलापाशी. मी केकची प्लेट घेऊन मागोमाग गेले.

तिनं स्क्रीनवर ते फंक्शन उघडलं, उंबरठ्याचा आकडा बदलायचं ते एकमेव. त्याच्या डोक्यावर चार ओळी होत्या, मशिनसाठी नाहीत, माणसानं वाचण्यासाठी. कंपायलर त्या ओलांडून जातो. क्लाइव्हनं चष्मा लावला आणि वाकून वाचलं:

*हा आकडा फक्त इथूनच बदलावा. का, ते असं: चौदा नंबरच्या गेटाचं माप क्लाइव्ह नॅनकिव्हेलनं तीन वेळा घेऊन पाठवलं होतं. माप बरोबर होतं. प्रोग्राम चुकीचा होता, आणि चूक माहीत असून मी त्यावर नाव घातलं. व्हर्ना ट्रेथोवन.*

त्यानं ते दोनदा वाचलं असावं. बाहेर कोणीतरी लेसला हसवत होतं.

"हे किती पेट्यांमध्ये आहे?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं, पेट्यांमध्ये नाही जात, ते इथे राहतं. पण हा प्रोग्राम ज्याला ज्याला उघडायचाय, त्याला हे वाचून पुढे जावं लागेल. ती गेल्यावरही, ब्रोडी गेल्यावरही.

क्लाइव्हनं चष्मा काढला. "आणि कोणी पुसलं तर?"

"पुसता येतं," व्हर्ना म्हणाली. "पण पुसणाऱ्याला नाव घालावं लागतं."